जुवाखाली दबणाऱ्या बैलाच्या मानेचे संगणकीय प्रारूप: स्प्रिंगांची जाळी की फायनाइट एलिमेंट?

पांदणवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यात राहतो. यंत्र अभियांत्रिकीचे शिक्षण झाल्यावर घरची शेती पाहतो आणि गावातल्या सुतारकाकांबरोबर जुवाच्या आकारावर काम करतो. आमच्याकडे डवरणी आणि वखरणी अजूनही बैलांवरच होते, आणि हंगाम सरत आला की खांदेसुजीची जनावरे दिसू लागतात. जुवाची खालची बाजू रुंद व गोलसर केली आणि वशिंडाकडच्या कडेला उशी दिली, तर मानेच्या आतील ऊतींवरचा ताण खरोखर किती कमी होईल, हे लाकडाला हात लावण्यापूर्वी संगणकावर पाहावे असा माझा विचार आहे.

घरच्या गवळाऊ बैलाच्या मानेचे आणि वशिंडाचे सगळ्या बाजूंनी मोबाइलवर फोटो काढून त्यांपासून त्रिमितीय आकार तयार केला, तो ब्लेंडर या त्रिमितीय चित्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतला आणि तिथली सॉफ्ट बॉडीची सोय वापरून त्यावर जू टेकवले. कातडी दबते, बाजूला फुगते, जू उचलले की पूर्ववत होते. पाहणाऱ्याला ते खरे वाटते. परंतु जाळी बारीक केली की त्याच वजनाला दबण्याची खोली वेगळी येते, गणनेच्या पायऱ्या वाढवल्या की आणखी वेगळी येते, आणि मान उजवीकडे वळवली की आतल्या बाजूची जाळी स्वतःतच शिरते. यातले कोणते उत्तर खरे मानावे? आणि पद्धत बदलायची झाल्यास कातडी, चरबी व स्नायू यांचे आकडे मी कुठून आणावेत?

रंगचौकट

मी नागपूरला ॲनिमेशनच्या कामात आहे, त्यामुळे तुम्ही ज्या साधनाने सुरुवात केली ते माझ्या रोजच्या हाताखालचे आहे. सॉफ्ट बॉडीमध्ये जाळीच्या प्रत्येक बिंदूला वस्तुमान दिलेले असते आणि प्रत्येक कडेच्या जागी एक स्प्रिंग असते. कडकपणा त्या स्प्रिंगचा असतो, पदार्थाचा नसतो. जाळी बारीक केली की स्प्रिंगांची संख्या, लांबी आणि मांडणी बदलते, आणि सगळ्यांचा मिळून जो पदार्थ तयार होतो तो आधीच्यापेक्षा वेगळा असतो. ॲलन व्हॅन गेल्डर यांनी १९९८ साली दाखवून दिले होते की साध्या सपाट पडद्यासाठीही त्रिकोणी जाळीतल्या स्प्रिंगांना कोणतेही आकडे दिले तरी सलग लवचीक पदार्थाचे वर्तन तंतोतंत उतरवता येत नाही. तेव्हा तुमच्या तीन उत्तरांपैकी खरे कोणते, हा प्रश्नच इथे लागू होत नाही.

याहून मोठी अडचण अशी की तुमच्या बैलाच्या मानेत आत काहीच नाही. फोटोंपासून जे मिळाले ते फक्त वरचे आवरण आहे. मान वळली की आतल्या बाजूची कातडी आत शिरते, कारण तिला अडवायला स्नायूही नाहीत आणि हाडही नाही.

संगणकीय चित्रणात लवचीक वस्तूंचे भौतिकशास्त्र आणले ते तेर्झोपुलोस, प्लॅट, बार आणि फ्लायशर यांनी १९८७ साली, आणि तेव्हाही त्यांनी सुरुवात स्थितिस्थापकतेच्या सिद्धान्तापासूनच केली होती. पुढे खेळांना वेग हवा होता. २००६ मध्ये मॅथियास म्युलर आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या पद्धतीत बल काढण्याऐवजी बिंदूंच्या जागाच थेट दुरुस्त केल्या जातात. ती कधी फुटत नाही, म्हणून आम्हाला ती फार आवडते. पण तिच्यात कडकपणा फेऱ्यांच्या संख्येवर आणि वेळेच्या पायरीवर ठरतो. हा दोष २०१६ च्या सुधारित आवृत्तीत बराच दूर झाला. तरीही माझे मत असे आहे की या सगळ्या पद्धती डोळ्यांसाठी आहेत. जुवाखाली किती किलोपास्कल ताण आला, हे तुम्ही मला विचारले तर माझ्याकडे त्याचे उत्तर नाही.

वऱ्हाडी_वखर

धागा वाचला. आम्ही जुवाला गोणपाट गुंडाळतो, त्यावर जुने कापड बांधतो, आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणीला हळद-लोणी लावताना सगळ्यांच्याच लक्षात येते की कोणाच्या बैलाची खांद धड आहे आणि कोणाची नाही. जू उचलून हाताने चाचपले तर जखम कुठे आहे ते कळते. मग संगणक यापेक्षा जास्त काय दाखवणार, हे कुणी समजावून सांगावे. टिंगल म्हणून विचारत नाही.

गोठाभेट

वखरभाऊ, तुमचा प्रश्न रास्त आहे. मी पशुवैद्यक आहे आणि अशा खांदा रोज पाहते. हाताला लागते ती सूज बहुतेक वेळा खालचे नुकसान झाल्यानंतरची असते. कातडी वरून शाबूत असते, केस फक्त थोडे झिजलेले असतात, आणि खाली कातडी व स्नायू यांच्यामधल्या सैल थरात पाणी किंवा रक्त साठलेले असते. तो थर हाताने चाचपून वेळेआधी ओळखता येत नाही. तिथे काय चालले आहे ते आधी कळले, तर त्याचा उपयोग नक्कीच आहे.

पांदणवाट यांच्यासाठी दोन गोष्टी सांगते. जुवाचा भार म्हणजे केवळ वरून पडणारे वजन नव्हे. समजा एका मानेवर २० किलोचे वजन आले, म्हणजे सुमारे २०० न्यूटन, आणि लाकूड प्रत्यक्षात ५० चौरस सेंटिमीटरवर टेकले, तर सरासरी दाब ४० किलोपास्कल होतो, म्हणजे पाऱ्याचे सुमारे ३०० मिलिमीटर. पण काम करणारा बैल आपल्या वजनाच्या साधारण दहाव्या भागाइतके बल सलग ओढू शकतो. ३०० किलोच्या बैलाला ते सुमारे ३०० न्यूटन पडते, आणि ते मागच्या दिशेने वशिंडाच्या पुढच्या उतारावर येते. वशिंड हे हाड नव्हे, तो ऱ्हॉम्बॉइडियस स्नायू आणि चरबी यांचा उंचवटा आहे. त्यामुळे जू एकाच वेळी खाली दाबते आणि कातडीला मागे सरकवते. प्रारूपात फक्त वरून वजन ठेवले, तर अर्ध्याहून अधिक गोष्ट बाहेर राहील.

हे सरकवणे किती महत्त्वाचे आहे, याची माहिती माणसांच्या दाबव्रणांच्या अभ्यासातून मिळते. लँडिस यांनी १९३० साली माणसाच्या केशवाहिनीच्या धमनीकडच्या टोकाला सरासरी ३२ मिलिमीटर पारा एवढा दाब मोजला, आणि तेव्हापासून पुष्कळ ठिकाणी तो आकडा जखमेची मर्यादा असल्यासारखा वापरला जातो. तो तसा नाही. कोसियाक यांनी १९५९ मध्ये कुत्र्यांवर दाखवले की दाब आणि वेळ यांचे नाते उलटे आहे: जास्त दाब थोडा वेळ, किंवा कमी दाब बराच वेळ, दोन्हींनी इजा होते. डिन्सडेल यांनी १९७४ मध्ये डुकरांवर दाखवले की दाबाला घर्षणाची जोड मिळाली की पुष्कळ कमी दाबातही व्रण होतो. पावसात भिजलेली किंवा घामाने ओली झालेली कातडी लाकडाला जास्त धरते, हेही लक्षात घ्यावे. डवरणी नेमकी पावसाळ्यातच असते.

मऊजाळी

मऊ ऊतींची यांत्रिकी हा माझा अभ्यासाचा विषय असल्याने थोडे सविस्तर लिहितो.

तुम्हाला फायनाइट एलिमेंट पद्धतच हवी, म्हणजे वस्तूचे लहान-लहान घटक पाडून प्रत्येकावर पदार्थाचे गणित सोडवणारी, कारण तिच्यात कडकपणा पदार्थाचा म्हणून भरला जातो आणि जाळी बारीक करत गेल्यावर उत्तर एका ठिकाणी स्थिरावते. स्थिरावले नाही तर काहीतरी बिघडले आहे हे कळते. मात्र महाविद्यालयात पोलादी तुळईसाठी शिकलेली रेषीय आवृत्ती इथे चालणार नाही. रेषीय गणितात नुसते फिरणेही ताणल्यासारखे मोजले जाते, त्यामुळे मान वळवली की ती विनाकारण फुगते. म्युलर आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये जागोजागचे फिरणे वेगळे काढून ही अडचण झटपट गणनेपुरती सोडवली. तुम्हाला झटपट उत्तराची गरज नाही, म्हणून सरळ मोठ्या विकृतीचे (विकृती म्हणजे ताणामुळे आकारात होणारा बदल) गणित घ्यावे.

आता कातडी. तिच्यातले कोलॅजनचे तंतू सैल अवस्थेत नागमोडी असतात. सुरुवातीला ओढ देताना ढिला दोर फक्त सरळ होतो, जोर लागत नाही, आणि दोर सरळ झाला की एकदम ताठरतो, तसा कातडीचा ताण-विकृतीचा आलेख आधी जवळजवळ आडवा जातो आणि मग झपाट्याने वर चढतो. वाय. सी. फुंग यांनी यासाठी घातांकी सूत्र वापरले. ऑग्डेन यांचे १९७२ चे सूत्रही चालते. चरबी आणि आरामात असलेला स्नायू त्या मानाने फार मऊ असतात, काही किलोपास्कलपासून काही दहा किलोपास्कलपर्यंत. कातडीचे प्रसिद्ध आकडे मात्र दाबून मोजले की ओढून मोजले यानुसार किलोपास्कलपासून मेगापास्कलपर्यंत पसरलेले आहेत. म्हणून कुठल्यातरी लेखातला एक आकडा उचलून घालू नये. ज्या प्रकारचा भार तुमच्याकडे आहे, त्याच प्रकारे मोजलेला आकडा घ्यावा.

ऊतींमध्ये बहुतांश पाणी असते, त्यामुळे त्यांचे घनफळ जवळपास बदलत नाही. त्यांच्यातून ध्वनी सुमारे १५४० मीटर प्रति सेकंद वेगाने जातो, तर १० किलोपास्कल शिअर कडकपणाच्या (शिअर म्हणजे थर एकमेकांवर सरकणे) ऊतीत आडवी लहर जेमतेम ३ मीटर प्रति सेकंद जाते. म्हणजे आकार बदलणे फार सोपे आणि घनफळ बदलणे फार अवघड. या तफावतीचे दोन परिणाम होतात. साधे चार बिंदूंचे चतुष्फलक वापरले आणि प्रत्येकाला आपापले घनफळ राखायला लावले, तर जाळीला हलायला मोकळीकच उरत नाही. ती खोटी ताठ होते आणि दबण्याची खोली फार कमी दिसते. दुसरे असे की वेळेच्या लहान पायऱ्या घेत पुढे जाणाऱ्या साध्या गणितात ध्वनीची लहर एका पायरीत एका घटकापलीकडे जाऊ देता येत नाही. २ मिलिमीटरच्या घटकाला ही पायरी सुमारे १.३ मायक्रोसेकंद येते, म्हणजे बैलाच्या एका सेकंदासाठी पावणेआठ लाख पायऱ्या. सुदैवाने तुमचा प्रश्न संथ ओढीचा आहे. वेळ वगळून फक्त समतोल स्थिती शोधावी, आणि आठ बिंदूंचे षट्फलक घेऊन दाब हे वेगळे अज्ञात मानणारी मिश्र मांडणी वापरावी. युटा विद्यापीठाचे फेबायो हे साधन नेमके अशाच ऊतींसाठी तयार झालेले आहे, विनामूल्य मिळते, आणि त्यात ही मांडणी उपलब्ध आहे. फ्रान्सच्या इन्रिया संस्थेत सुरू झालेले सोफा हेही चांगले साधन आहे, परंतु त्याचा रोख शस्त्रक्रियेच्या सरावासाठी लागणाऱ्या तत्काळ प्रतिसादाकडे आहे. तिथे हाताला स्पर्श खरा वाटावा म्हणून बलाची गणना सेकंदाला सुमारे १००० वेळा करावी लागते. त्या घाईची तुम्हाला गरज नाही.

फोटोंबद्दल एक गंभीर सूचना आहे. कातडी शरीरावर मुळातच ताणलेली असते. कार्ल लँगर यांनी १८६१ मध्ये मृतदेहांवर गोल टोकाने भोके पाडली तेव्हा ती लांबट झाली, आणि त्या लांबटपणाच्या दिशा जोडून त्यांनी ताणाच्या रेषा आखल्या. बैल गव्हाणीवर मान वर करून उभा असताना मानेवर घड्या पडतात. ओढताना तो मान खाली घालतो आणि तीच कातडी ताणली जाते. फोटो पहिल्या अवस्थेतले असतील, तर तुमचे प्रारूप ढिल्या कातडीचे होईल आणि सरकणे प्रमाणाबाहेर दिसेल.

पांदणवाट

सर्वांचे आभार. फोटो गव्हाणीवरचेच आहेत, ते आता जू ठेवायच्या अवस्थेत, मान खाली असताना पुन्हा काढतो. आतल्या थरांचे काय करावे? सीटी स्कॅनचा प्रश्नच नाही. कातडी किती जाड आणि खाली हाड किती खोल, हे उभ्या बैलावर कसे मोजावे? आणि कडकपणा मोजण्यासाठी माझ्याकडे कापूस तोलायचा स्प्रिंगचा काटा, व्हर्नियर आणि किराणा दुकानातली वजने एवढेच आहे.

गोठाभेट

कातडीची जाडी मोजणे सोपे आहे. क्षयाच्या ट्युबरक्युलिन चाचणीत आम्ही मानेवरचीच कातडी कॅलिपरने मोजतो. टोचण्याआधी एकदा आणि ७२ तासांनी पुन्हा मोजतो, आणि जाडी ४ मिलिमीटर किंवा अधिक वाढली तर चाचणी होकारार्थी धरतो. कॅलिपरमध्ये कातडीची घडी येते, म्हणजे दोन थर, हे विसरू नका. हाडाची खोली अल्ट्रासाऊंडने दिसते. गाभण तपासणीचे फिरते यंत्र ज्यांच्याकडे आहे त्यांना विनंती केली तर मानेवरही ते लावता येईल. केस ओले करून जेल भरपूर लावावे लागेल. प्रोब दाबून धरू नये, नाहीतर मोजायचा थर त्याच्याच खाली चेपला जातो.

गवळाऊचा रंग पांढरा असल्याने तुम्हाला आणखी एक सोय आहे. जेन्शियन व्हायोलेटने मानेवर दोन-दोन सेंटिमीटर अंतराने ठिपके मारा. जू नसताना, जू ठेवल्यावर आणि बैल ओढत असताना त्याच कोनातून फोटो काढा. जुवाच्या पुढच्या आणि मागच्या बाजूच्या उघड्या ठिपक्यांमधले अंतर किती बदलले, हे प्रारूपातल्या बदलाशी ताडून पाहता येईल. जखम असलेल्या जागी रंग किंवा जू काहीही लावू नका.

मऊजाळी

डॉक्टरताईंची ठिपक्यांची कल्पना उत्तम आहे. मी प्रयोगशाळेत यासाठी बरेच महाग साहित्य वापरतो.

कडकपणासाठी सपाट तळाची लाकडी गोल चकती घ्यावी, वशिंडाच्या पुढे मानेवर उभी ठेवावी, काट्याच्या आधाराने ठरावीक बल द्यावे आणि ती किती आत गेली ते व्हर्नियरने मोजावे. पहिल्या दोन-तीन दाबांचे आकडे सोडून द्यावेत, कारण ऊती पहिल्यांदा दाबताना वेगळ्या वागतात आणि नंतर एका चक्रात बसतात. प्रत्येक वेळी दाबल्याबरोबर आणि मिनिटभराने अशी दोन वाचने घ्यावीत. ऊती सावकाश ढिल्या पडतात, आणि तुमच्या कामाला दुसरे वाचन अधिक उपयोगी आहे. खाली हाड जवळ असेल तर तोच पदार्थ कडक भासतो. यासाठी हेस आणि सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये थराची जाडी आणि चकतीची त्रिज्या यांवरून दुरुस्ती दिली आहे. पण तुम्ही दाबण्याचा प्रयोगच फेबायोमध्ये उभा करून, मोजलेली खोली मिळेपर्यंत आकडे बदलत गेलात, तर ती दुरुस्ती आपोआप होते. एका वेगळ्या त्रिज्येच्या चकतीनेही मोजा: लहान चकतीला कातडी जास्त जाणवते, मोठीला खालची चरबी व स्नायू. दोन्हींवर एकच आकडे जुळले, तर थर बरोबर वेगळे झाले आहेत.

वऱ्हाडी_वखर

आता मला हे पटू लागले आहे, म्हणून दोन गोष्टी सुचवतो. पहिली म्हणजे जोडीतले दोन्ही बैल क्वचितच सारख्या उंचीचे असतात. ठेंगण्या बैलाकडे जू कलते आणि त्याची आतली कड, शिवळीजवळची (जुवातल्या खुंटीजवळची), मानेत रुतते. तुमचे जू संगणकात सपाट ठेवलेले असेल, तर तो बैल तुमच्या हिशेबात येणारच नाही. दुसरी म्हणजे बंडीचे जू आणि वखराचे जू यांच्यात फरक करावा. बंडीत ओझे पुढे भरले की सगळा भार मानेवर येतो, मागे भरले की बंडी उलाळ होते, म्हणजे मागे झुकते, आणि जोतं (गळ्याखालचा पट्टा) गळ्याला खालून वर ओढते. वखरात ही भानगड नाही, तिथे फक्त ओढ.

पांदणवाट

वखरभाऊ, कललेले जू घेतो. पाच अंशांपासून सुरुवात करतो. बंडी सध्या बाजूला ठेवतो, कारण पांदणीच्या चाकोरीतले धक्के धरायचे तर समतोल स्थिती पुरणार नाही. मऊजाळी, शेवटचे विचारतो. सध्याचे जू आणि नवे जू यांची तुलना करताना सर्वांत जास्त ताणाचा एक आकडा काढून समोर ठेवला तर चालेल का? सुतारकाकांना एकच आकडा दाखवणे सोपे जाईल.

मऊजाळी

तो आकडा कृपया दाखवू नका. ताठ वस्तूची तीक्ष्ण कड मऊ पदार्थावर टेकली की रेषीय सिद्धान्तानुसार कडेखालचा ताण अमर्याद असतो. जाळी जितकी बारीक कराल तितका हा सर्वोच्च आकडा वाढत जाईल, आणि तुम्ही पुन्हा पहिल्या प्रश्नापाशी याल. जुन्या जुवाची कड वापरून किती झिजली आहे ते मेणाचा ठसा घेऊन मोजा आणि तेवढीच गोलाई प्रारूपात द्या. कड गोल असेल तर ताणाला मर्यादा येते. तुलनेसाठी मात्र कातडीखालच्या सैल थराचे किती घनसेंटिमीटर ठरावीक शिअर विकृतीच्या वर गेले, ते मोजा. ही पातळी ०.३, ०.५ आणि ०.७ अशी तीन ठिकाणी धरून पाहा. नवे जू तिन्ही ठिकाणी सरस ठरले तर निष्कर्ष भक्कम. एकाच ठिकाणी ठरले, तर तो पातळीच्या निवडीचा परिणाम समजा. घर्षणाचा गुणांकही कोरड्या कातडीसाठी ०.३ आणि ओल्यासाठी ०.६ असा दोन्ही टोकांना ठेवून सगळी मालिका चालवा. उशीचा फायदा कोरड्यात दिसून ओल्यात नाहीसा झाला, तर उशीचे कापड बदलायचे आहे, लाकडाचा आकार नव्हे, आणि सुतारकाकांना नेमके तेच सांगावे लागेल.